चालू मशीन मोडायचं नाही : आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपमध्ये शिरलं की डाव्या हाताला लांब बाकावर अकरा टाइपरायटर ओळीने मांडलेले दिसतात. सात गोदरेजचे, चार रेमिंग्टनचे. अकराही चालू. कोणत्याही मशीनला कागद लावा, अक्षर उमटतं. लॅपटॉपला जुन्या मशीनचं रूप करून घ्यायला आलेलं नवं गिऱ्हाईक या बाकापाशी थांबतं आणि विचारतं, "यांच्याच कळा काढून लावता का?" आमचं उत्तर ठरलेलं आहे: नाही. ते कसं ठरलं हे सांगायचं तर धंद्याची गोष्ट पहिल्यापासूनच सांगायला हवी.

बाबांची सांगलीत टायपिंग इन्स्टिट्यूट होती. बत्तीस मशीन, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तासातासाच्या बॅचेस. मी त्या आवाजात लहानाची मोठी झाले. कळांची खडखड, ओळ संपत आली की घंटी, मग डाव्या हाताने कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, मागे सारल्याचा सर्रकन आवाज. बाबा पाठमोरे बसलेले असले तरी कुणाचा हात अडखळला ते त्यांना ऐकूनच कळायचं. मराठी तीस, इंग्रजी तीस, मग चाळीस. त्या स्पीडच्या सर्टिफिकेटवर आमच्या इथली कितीतरी पोरं-पोरी कचेरीत, कोर्टात, साखर कारखान्याच्या ऑफिसात लागली. आजही रस्त्यात कुणीतरी गाडी थांबवून बाबांच्या पाया पडतं.

गोदरेजने भारतात बनवलेला पहिला टाइपरायटर १९५५ साली आणला. २००९ नंतर त्यांनी मशीन बनवणं थांबवलं, आणि पुढे सरकारी टायपिंगची परीक्षाही संगणकावर गेली. इन्स्टिट्यूट बंद करायची वेळ आली तेव्हा मशीनला भंगाराशिवाय कुणी विचारेना. एकेक मशीन पंधरा-सोळा किलोचं, दर लोखंडाचा. टेम्पोत एकवीस मशीन चढली. बाबांनी प्रत्येकावर कव्हर घातलं होतं, भंगारवाल्याने ती कव्हरं काढून बाजूला टाकली, कारण वजनात कापड धरत नाहीत. उरलेली अकरा बाबांनी दिली नाहीत. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

मी तोवर डिप्लोमा करून लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. २०१६ मध्ये माझ्याच लॅपटॉपच्या झाकणाला तडा गेला. नवं झाकण मिळत होतं, पण महाग. प्लायवूडच्या दुकानातून सागाच्या व्हिनियरचा, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा, तुकडा आणला, झाकणाच्या मापाने कापला, चिकटवला, आणि कडेला बाबांच्या पेटीतल्या चार पितळी चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची, नुसती डोकी ठोकल्यासारखी दिसतील अशी बसवली. महिन्याभरात एक वकीलसाहेब चार्जर दुरुस्तीला आले आणि तो लॅपटॉप हातातून खाली ठेवेनात. त्यांचे वडील कोर्टाच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे. "माझाही असा करून दे. वडिलांच्या मशीनसारखा दिसला पाहिजे." अडीच हजार रुपये घेतले. ते आमचं पहिलं काम.

त्या कामासाठी मी जुन्या मशीनची माहिती वाचायला लागले आणि एका गोष्टीने मला फार धीर दिला. बाजारात चाललेला पहिला टाइपरायटर, शोल्स अँड ग्लिडन, रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये विकायला काढला. कंपनीचं शिलाई मशीनचं खातं होतं, तिथेच तो तयार झाला. म्हणून त्याला शिलाई मशीनसारखा लोखंडी स्टँड होता, अंगावर फुलांची रंगीत नक्षी होती, आणि काही मशीनला कॅरेज मागे आणण्यासाठी चक्क पायाने दाबायची पट्टी होती. म्हणजे लोकांना सर्वस्वी नवीन वाटणारी वस्तू त्यांच्या घरातल्या ओळखीच्या वस्तूचे कपडे घालून आली. आपण करतोय ते काही जगावेगळं नाही, हे मला तिथे पटलं. पुढे अमेरिकेतल्या रिचर्ड नागी यांच्या लॅपटॉपचे फोटो पाहिले. लाकूड, पितळ, आत दिसणारी चक्रं, आणि सुरू करायला घड्याळाची किल्ली फिरवायची! किल्ली फिरवल्यावर लॅपटॉप खरोखर चालू होतो, हे मला सगळ्यात आवडलं. नुसती दातेरी चक्रं गोंदाने डकवलेली मला तेव्हाही पटत नव्हती, आजही पटत नाहीत. वस्तूवर जे लावायचं त्याला काम असलं पाहिजे, नाहीतर निदान ते कामाच्या आड येता कामा नये.

कामाच्या आड काय काय येतं ते मात्र आम्ही नुकसान सोसून शिकलो. एका गिऱ्हाइकाला झाकणावर सलग पितळी पत्रा हवा होता. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा, चौदा इंची लॅपटॉप. पत्र्याचंच वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास भरलं. तेवढ्याच मापाचं, तेवढ्याच जाडीचं सागाचं व्हिनियर पंचवीस ग्रॅमही भरत नाही. बिजागऱ्या झाकणाच्या मूळ वजनाच्या हिशोबाने घट्ट केलेल्या असतात, त्यामुळे पडदा उभा राहीना, आपोआप मागे पडायला लागला. त्यात वायफायही जाईना येईना. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफायचा अँटेना पडद्याच्या वरच्या कडेला असतो, आणि आम्ही त्यावर धातूचं झाकणच ठोकलं होतं. पत्रा उतरवला, पैसे परत केले. तेव्हापासून आमच्याकडे पितळ फक्त कोपऱ्यांना, कडांना आणि नावाच्या पट्टीला. दुसऱ्या एका कामात पेटीसारखी कडी हवी म्हणून चुंबक बसवला, तर पडदा उघडा असतानाच लॅपटॉप झोपायला लागला. झाकण बंद झालंय हे लॅपटॉप चुंबकावरूनच ओळखतो.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले पॉलिशने. व्हिनियरवर बाजारातलं चकचकीत लॅकर मारलं की ते हॉटेलच्या टेबलासारखं दिसायचं. जुन्या लाकडाची ती आतून येणारी झाक येईना. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम पिढ्यानपिढ्या चालतं. तिथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारं करणारे आणि त्यांना धार लावणारे; एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका वयस्कर कारागिरांकडे मी २०१७ च्या पावसाळ्यात हातात व्हिनियरची पट्टी घेऊन गेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले.

चाचांनी पट्टी उजेडात तिरकी धरली, बोटाने चाचपली आणि म्हणाले, "हे घासलेलंच नाही बेटा. पॉलिश नंतर." आठ दिवस त्यांनी मला फक्त घासायला लावलं, तंतूच्या दिशेने, आधी जाडा पेपर, मग बारीक. नवव्या दिवशी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याची, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेची, बाटली काढली. जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात कापूस घालून बोळा केला, त्यावर द्रावण घेतलं, टोकाला तेलाचा थेंब लावला आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवायला लागले. "हात थांबला तिथे डाग पडला. उचलायचा तर फिरता फिरता उचल, विमानासारखा." एक हात झाला की वाळू द्यायचा, मग दुसरा. तंबोऱ्याला ते असे कितीतरी हात देतात. आमच्या झाकणाला बारा पुरतात. बाराव्या हाताला सागाच्या रेषा काचेखाली ठेवल्यासारख्या वर येतात, आणि ते बघताना मला दर वेळी आनंद होतो. इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही.

मग २०२० आलं. आम्ही झाकणाबरोबर हात टेकवायच्या जागेलाही तेच पॉलिश द्यायचो. त्या वर्षी एकामागून एक फोन: लाकूड पांढरं पडलंय, हाताला चिकटतंय. आधी वाटलं चपडा भेसळीचा लागला. एक लॅपटॉप परत आला तेव्हा डाग नीट पाहिले, तळहाताच्या आकाराचे. सॅनिटायझर! त्यात बहुतांशी अल्कोहोल असतं, आणि चपडा विरघळतो तोच मुळी अल्कोहोलमध्ये. लोक दिवसातून वीस वेळा हात चोळून ओल्या हातांनी टाइप करत होते. एकोणीस लॅपटॉप आम्ही फुकट परत करून दिले. लॉकडाऊनमध्ये उत्पन्न नव्हतं, तरी दिले, कारण चूक आमची होती: हात कुठे टेकतो याचा विचार आम्ही केला नव्हता. आता हात टेकवायच्या जागेला पॉलियुरेथेनचा मॅट कोट, आणि चपडा फक्त झाकणाला. चाचांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तंबोऱ्यालासुद्धा घामाचा हात लागतो तिथलं पॉलिश आधी जातं, पण तिथे लोक त्याला रियाज म्हणतात.

कळांचा प्रश्न यापेक्षा अवघड. लॅपटॉप मिटल्यावर कळा आणि पडदा यांच्यात मोजून एखादा मिलिमीटर जागा उरते. गोल, उंच कळा वर चिकटवल्या आणि झाकण दाबलं तर पडद्याला तडा ठरलेला. म्हणून लॅपटॉपवर आम्ही फक्त पातळ गोल स्टिकर लावतो, काळी जमीन, दुधी अक्षर, भोवती चंदेरी रिंग. खरी गोल कळ हवी असेल त्यांना वेगळा कीबोर्ड बनवून देतो. मेकॅनिकल स्विच, पितळी कड्या, आणि डाव्या बाजूला कॅरेजचा दांडा. दांडा ओढला की एंटर बसतो. बाबांच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी टाइपरायटरच्या मांडणीचे स्टिकरही आम्ही छापून घेतले. संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं असतात. मशीनवर मात्र 'ण' हवा तर अर्धा 'ण' मारून पुढे काना द्यायचा. ज्यांचा हात तसा बसलाय त्यांना साठाव्या वर्षी बोटं बदलायला का लावायची?

या वेगळ्या कीबोर्डमुळेच २०१९ मध्ये घरात पहिल्यांदा मोठा वाद झाला. परदेशी राहणाऱ्या एका गिऱ्हाइकाला 'अस्सल' कळा हव्या होत्या आणि पैसे चांगले मिळणार होते. मी जुन्या बाजारातून कळांची पिशवी आणली. बाबांनी ती बाकावर ओतली. प्रत्येक कळेखालचा दांडा पकडीने कापलेला होता, काप ताजा, चकचकीत. बाबा बराच वेळ कळा उलट्यासुलट्या करत राहिले. मग म्हणाले, "या चालू मशीनच्या आहेत. गंजलेल्या मशीनच्या दांड्याचा काप असा नसतो." आणि थोड्या वेळाने, "कळा गेलेल्या मशीनचं काय होतं, ठाऊक आहे ना तुला?" ठाऊक होतं. मी टेम्पो पाहिला होता.

ती ऑर्डर मी सोडली. आता नियम असा: मोडीत निघालेलं मशीन आमच्याकडे आलं की ते आधी बाबांच्या टेबलावर जातं. दुरुस्त होण्यासारखं असेल तर दुरुस्त होतं. सांगाडाच तुटलेला असेल तर त्याचे स्प्रिंग, दांडे, रोलर दुसऱ्या आजारी मशीनसाठी राखून ठेवतो. कुठल्याच मशीनला लागणार नाही असं जे उरेल तेवढंच लॅपटॉपच्या बाजूला येतं. बाकी सगळ्या कळा आम्ही नव्याने करतो. पितळी नळीची कडी लेथवर कापायची, आत छापलेलं अक्षर, वर ॲक्रिलिकची भिंगासारखी टिकली. एका कीबोर्डला चार दिवस जातात. महाग पडतं, काही गिऱ्हाइकं परत जातात. चालतं.

जो नियम जुन्या मशीनला, तोच लॅपटॉपला. आमचं कोणतंही काम काढता आलं पाहिजे. भोकं पाडत नाही, मूळ झाकण कापत नाही, खालची जाळी आणि बिजागरीजवळची हवेची फट झाकत नाही. चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरतो, कोमट हवेचा झोत दिला की ती सुटते. वकीलसाहेबांचा आताचा लॅपटॉप तिसरा. पहिलं व्हिनियर काही वाचलं नाही, ते मी रबरी गोंदाने डकवलं होतं. पण दुसऱ्यावरच्या पितळी कोपऱ्यांपैकी तीन तिसऱ्यावर आहेत आणि ते आता हाताने घासून छान काळपट-सोनेरी झालेत. वकीलसाहेब ते कोपरे कुणाला पितांबरीने घासू देत नाहीत.

आज आम्ही पाच जण आहोत. दुरुस्तीचं दुकान शेजारीच सुरू आहे, कारण महिन्याचा खर्च अजून त्यावरच निघतो. गेल्या खंडेनवमीला अकरा मशीन, लेथ आणि दुरुस्तीला आलेले सगळे लॅपटॉप एकाच ओळीत मांडून पूजा केली.

काम द्यायचं असेल तर लॅपटॉप आणण्याआधी आतला सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करून ठेवा, वॉरंटी चालू असेल तर कंपनीला आधी विचारा, आणि झाकणाला बारा दिवस आमच्याकडे राहू द्या. आणि घरात माळ्यावर जुना टाइपरायटर असेल, कॅरेज अडकलेली असेल, रिबन सुकलेली असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा आमच्या बाबांना दाखवा. बघण्याचे पैसे ते घेत नाहीत. सकाळी अकरानंतर या, त्याआधी ते अकराही मशीनवर एकेक ओळ टाइप करत असतात.