टक्, टण, कर्रर्र आणि धप्प

गेल्या डिसेंबरात मी माझ्या नऊ वर्षे जुन्या हॅचबॅकला ३० मिलिमीटरने आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या. शॉकअप मूळचेच ठेवले. गाडी दिसायला देखणी झाली आणि वळणावर पूर्वीसारखी झुकेनाशी झाली. पण तिसऱ्याच दिवशी नागपुरात त्रिमूर्तीनगरहून प्रतापनगरकडे जाताना पुढच्या डाव्या बाजूने टक् असा आवाज येऊ लागला. ज्या गॅरेजने स्प्रिंगा बसवल्या होत्या, तिथे आवाज न ऐकताच निदान झाले: "भाऊ, लिंक रॉड गेला." दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बदलले, आवाज मात्र होता तिथेच राहिला. मग "स्ट्रट माउंटिंग टाकून पाहू" असा सल्ला मिळाला (स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांची जोडणी, माउंटिंग म्हणजे तिच्या माथ्यावरची रबरी बैठक), तेव्हा 'टाकून पाहू' या शब्दांनी मी सावध झालो आणि पुढचे दोन रविवार स्वतःच तपासणी करायचे ठरवले.

सर्वांत आधी लक्षात आली ती माझीच चूक. मी सगळ्यांना 'तो आवाज' असे एकवचनात सांगत होतो. काचा खाली करून, रेडिओ आणि पंखा बंद करून, भिंतीच्या कडेने हळूहळू गाडी चालवली तेव्हा कळले की आवाज एक नसून निदान तीन आहेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा बाकीच्यांना झाकत आहे. शिवाय कानावर विसंबून जागा सांगता येत नाही. पत्र्यातून आवाज इतका प्रवास करतो की डाव्या चाकाचा ठोका ड्रायव्हरच्या पायाखाली ऐकू येतो. त्यामुळे 'कुठून येतो' यापेक्षा 'चाके काय करत असताना येतो' हा प्रश्न अधिक उपयोगी ठरला.

लिंक रॉडचेच पाहा. त्याचे काम दोन चाकांमधल्या उंचीच्या फरकाने स्टॅबिलायझर बारला, म्हणजे वळणावर गाडी कमी झुकावी म्हणून दोन्ही बाजूंना जोडलेल्या आडव्या दांडीला, पीळ देणे. दोन्ही चाके एकाच वेळी सारखी वर गेली तर बार नुसता फिरतो, पीळ बसत नाही आणि लिंकवर फारसा भारही येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेले तर मात्र सगळा भार लिंकवर. वर्धा रोडवरच्या ३.१४ किलोमीटरच्या डबल डेकर उड्डाणपुलाचे सांधे दोन्ही चाकांखाली एकदमच येतात. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्याची कड आणि बाजूचे पेव्हर ब्लॉक यांच्यामध्ये जी पायरी असते, तिच्यावरून एकच चाक उतरवता येते. या दोन्ही ठिकाणी माझा टक् अगदी सारखा वाजला. म्हणजे लिंक रॉड निर्दोष होता आणि त्याचे पैसे मी उगाच मोजले होते.

मग बॉनेट उघडून स्ट्रटच्या माथ्यावरचे रबरी टोपण काढले, मधल्या नटावर बोट ठेवले आणि बाबांना फेंडर दाबायला सांगितले. प्रत्येक दाबासरशी बोटाला बारीक ठोका जाणवला. शॉकअपचा रॉड हलत होता, माउंटिंग जागचे हलत नव्हते. नट हाताने पाव आटा फिरला. नट हवेच्या गनने आवळला की नटासोबत आतला रॉडही फिरतो आणि आवळल्याचा नुसता भास होतो. रॉड ॲलन कीने धरून टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत नट आवळला आणि टक् संपला. माउंटिंग जुनेच आहे.

टक् गेल्यावर टण ठळक झाला. हा गाडी उभी असताना, स्टिअरिंग पूर्ण वळवताना यायचा. माझ्या गाडीला पुढे असलेल्या मॅकफर्सन प्रकारच्या स्ट्रटमध्ये स्टिअरिंगसोबत स्प्रिंगही फिरते आणि वरचे बेअरिंग तिला फिरू देते. बेअरिंग जाम असेल किंवा स्प्रिंगचे टोक खालच्या बैठकीत नीट बसलेले नसेल, तर स्प्रिंग आधी पीळ खाते आणि मग एकदम सुटते. बाबा अगदी सावकाश स्टिअरिंग फिरवत होते आणि मी स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला तळहात टेकवला होता (वेढ्यांमध्ये बोट घालायचे नाही, हे सांगायला हवे). पीळ साठत गेल्याचे आणि मग झटका बसून सुटल्याचे हाताला स्पष्ट कळले. "सुटलं का रे?" बाबांनी आतून विचारले, त्यांनाही स्टिअरिंगवर जाणवले होते. टेपने हबच्या मध्यापासून चाकावरच्या कमानीपर्यंत मोजले, तर डावी बाजू उजवीपेक्षा ७ मिलिमीटर उंच भरली. टॉर्चच्या उजेडात कारण दिसले: स्प्रिंगचे टोक बैठकीतल्या खाचेला टेकण्याऐवजी पायरीवर चढून बसले होते. हे काम मी घरी केले नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय स्ट्रट उघडणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये समोर उभे राहून ते करून घेतले आणि लगेच अलाइनमेंटही केले, कारण गाडी खाली आली की टो (चाकांचा आत किंवा बाहेर वळलेला कोन) बदलतो आणि टायर आतल्या कडेने झिजतो.

कर्रर्र सकाळच्या थंडीत यायचा, दुपारी नाही. म्हणजे रबर. स्प्रेच्या बाटलीने एकेका बुशवर (सांध्यातल्या रबरी नळीवर) पाणी मारत आणि गाडी दाबत गेलो. उजव्या लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशवर पाणी पडताच आवाज क्षणभर थांबला. चाके हवेत लोंबत असताना आर्मचे बोल्ट आवळले, की गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचे पिळलेले राहते. आखूड स्प्रिंगांनी गाडीची उंची कमी केल्यावर तर अधिकच. गाडी चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर बोल्ट ढिले करून पुन्हा आवळले. एका मेकॅनिकने बुशवर जळके ऑइल सोडायचा उपाय सुचवला होता. आवाज थांबला असता, पण खनिज तेलाने रबर फुगते आणि काही महिन्यांत बुशच जातो.

राहिला धप्प. गाडीत चौघे असले की गतिरोधकावर येतो आणि हा बिघाड नाही. ३० मिलिमीटर खाली आणले म्हणजे चाकाच्या वर जाण्याच्या अंतरातले तेवढेच अंतर मी स्वतःच काढून घेतले. शॉकअप जुन्याच लांबीचा, त्यामुळे तो बंप स्टॉपवर (शेवटी अडवणाऱ्या रबरावर) लवकर आपटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो आहे, तो उंचीला भरपूर आणि रुंदीला जेमतेम पाटाएवढा आहे. आखूड शॉकअपसाठी पैसे साठवतो आहे. तोवर आई-बाबांना कुठे न्यायचे असले की बाबा गल्लीच्या तोंडापर्यंत पायी जातात आणि गतिरोधकाच्या पलीकडे गाडीत बसतात.