जुळ्यांची एकच फाईल! तिघांना लसीकरणाला नेलं तेव्हाचा माझा अनुभव

नवऱ्याची नाशिकच्या अंबडला फर्स्ट शिफ्ट, सासूबाई गावी, त्यामुळे तिन्ही पोरं घेऊन मी एकटीच निघाले. मोठीचा पाच वर्षांचा बूस्टर, जुळ्या ओम-सोहमचा दीड वर्षाचा, शिवाय तिघांचं वजन-उंची, सगळं एकाच दिवशी उरकायचं होतं. पाथर्डी फाट्यावरून कॉलेज रोडला रिक्षा, मीटरचं नावच नाही, भाव ठरवूनच बसायचं, ते जाऊदे.

क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण डॉक्टर खरंच चांगले आहेत. डोकं फिरवलं ते काउंटरने.

मोठीची फाईल निघाली, ओमची निघाली, सोहमची नाहीच. काउंटरवरची मुलगी म्हणे, "मॅडम, डबल एंट्री झालेली, ती आम्ही काढून टाकली." मला आधी कळेचना. मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली तर काय, नवीन सॉफ्टवेअर टाकताना आडनाव तेच, वडिलांचं नाव तेच, जन्मतारीख तीच, मोबाईल नंबर तोच, म्हणून दोघांचा मिळून एक पेशंट करून ठेवलेला. आणि त्या एका पेशंटला नऊ महिन्यांचा एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) एकाच दिवशी दोनदा दिल्याची नोंद! ते बघून कुणालाच काही खटकलं नाही?

म्हटलं, अगं ताई, जुळे आहेत, एक माझ्या कडेवर आहे, दुसरा तुमच्या फिशटँकला चिकटलाय, मोजून घे. तर म्हणे, "ते दिसतंय हो मॅडम, पण सिस्टीम घेत नाहीये." सोहमचं नाव टाकलं की लाल अक्षरात येणार, पेशंट आधीच नोंदलेला आहे. सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला तर तो उचलेना. सरांना विचार म्हटलं तर सर पेशंट बघतायत. अहो, आम्ही कोण आहोत मग? मागून आलेली माणसं आत जाऊन बाहेर पण आली, ओम झोपेला आलेला, सोहमला भूक, मोठीचं दर दोन मिनिटांनी "आई, सुई कधी?". आणि एवढं झाल्यावर ती शांतपणे विचारते, "सोहमचं पण आज ओमच्याच फाईलवर लिहू का?"

तिथे माझा आवाज चढला. एकाचं वजन नऊ किलो आठशे, दुसऱ्याचं दहा सातशे, एकाच ग्रोथ चार्टवर दोन ठिपके काढणार का तुम्ही? तापाचं औषध वजनावर देतात, ते कुणाच्या वजनाने देऊ मी?

आवाज ऐकून डॉक्टरच बाहेर आले. माझ्या मोबाईलमध्ये दोघांच्या कार्डांचे फोटो होते, प्रत्येक लसीनंतर मी त्या पानाचा फोटो काढतेच, बाटलीवरच्या स्टिकरसकट. घरातले हसायचे मला. त्या फोटोंवरून सोहमची कागदी फाईल जागच्या जागी तयार झाली आणि नावापुढे 'ट्विन टू' लावल्यावर सिस्टीमनेही मुकाट्याने घेतलं. एवढंच करायचं होतं!

आतलं काम चटकन झालं. एक मात्र सांगते, आमचे दोघं चौतिसाव्या आठवड्यातच जन्मलेले, त्यामुळे वजन-उंची दोन वर्षांपर्यंत ड्यू डेटपासून वय धरून बघायची, पण लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, असं डॉक्टरांनी समजावलं. "वजन भरत नाही गं पोरांचं" म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना हे ऐकवलंय मी.

बाकी आठवतंय तसं लिहिते. वजन डायपर काढून करा, भरलेलं डायपर चांगलं दोन-तीनशे ग्रॅमचं असतं. लहानांना मांडीत टोचतात आणि मोठीला दंडात, तर तसे सैल कपडे घाला, जीन्स अजिबात नको. टोचून झालं की लगेच पळू नका, अर्धा तास तिथेच बसा. पॅरासिटामॉलचा डोस प्रत्येकाच्या कागदावर वेगळा लिहून घ्या, कारण रात्री तिघं तापली की काही सुचत नाही. पैशाचा प्रश्न असेल तर मनपाच्या आरोग्य केंद्रात डीपीटी (घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात) आणि एमआर (गोवर-रुबेला) फुकट मिळतात, फक्त एमआरची अनेक डोसांची बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून कधीकधी सिस्टर चार बाळं जमेपर्यंत थांबवतात, तर सेशन सुरू व्हायच्या वेळेलाच जा.

हो, आणि जुळ्यांच्या आयांनो, पुढच्या वेळी जाल तेव्हा आधी फोन करून दोन्ही फाईली आहेत का विचारा. आमच्याकडे लसीचा मेसेज अजून एकट्या ओमच्याच नावाने येतो, सोहमची तारीख मी फ्रीजवर लिहून ठेवलीये.