तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सिंगला जायच्या आधी कामाचा अनुभव हवा का?

प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. "प्रवेश घ्यायच्या आधी वर्षभर हॉस्पिटलात काम करू का? अनुभव नसेल तर बाकीच्यांच्या मागे पडेन का?" विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. मी दोन्ही म्हणत नाही, म्हणून मी उत्तर टाळते असा समज होतो. मी टाळत नाही. या प्रश्नाला एका शब्दात दिलेलं उत्तर कुणाचं तरी नुकसान करतं, आणि ते नुकसान फार पुढे, एखाद्या रुग्णाच्या खाटेशेजारी उघडं पडतं.

प्रवेशाचा मुद्दा आधी बाजूला करू. काही संस्था नर्सच्या हाताखालच्या सहायकाचं प्रमाणपत्र किंवा ठरावीक तासांचं काम मागतात, पुष्कळशा मागत नाहीत. जिथे जायचंय तिथले नियम वाचले की हा भाग संपला, त्याला माझं मत लागत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की आधी केलेल्या कामामुळे पुढचं शिकणं सोपं होतं का.

काही गोष्टी नक्की सोप्या होतात. अनोळखी माणसाचं अंग पुसणं, बेडपॅन देणं, उलटी साफ करणं, रात्रभर जागं राहणं हे ज्याने कधीच केलेलं नाही, त्याचं पहिल्या पोस्टिंगमध्ये निम्मं लक्ष स्वतःच्या संकोचात आणि वासात जातं. उरलेल्या निम्म्यात शिकायचं असतं. रुग्णाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं साधं काम घ्या. खुर्ची रुग्णाच्या धडधाकट बाजूला, खाटेशी साधारण ४५ अंशांत. दोन्ही चाकांचे ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केलेल्या. खाट इतकी खाली, की रुग्णाचे तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. मग पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसवायचं, चक्कर येते का विचारायचं, आणि त्यानंतर उभं करायचं. उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचं ब्लड प्रेशर २० ने किंवा खालचं १० ने उतरलं, तर तो माणूस पडू शकतो. पुस्तकात हे सगळं दहा ओळींत येतं. पण त्याचं वजन आपल्याकडे नेमकं कोणत्या क्षणी येतं, हे आपल्या गुडघ्यांना कळावं लागतं, आणि गुडघ्यांना ते वाचून कळत नाही. ज्याने हे शंभरदा केलंय त्याला उठवताना रुग्णाचा चेहरा पाहायला सवड मिळते, नवख्याचे डोळे स्वतःच्या हातांवरच खिळलेले असतात.

जिथे अनुभवाचा काहीच उपयोग नाही ती यादीही तितकीच खरी आहे. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे आणि सलाईनच्या नळीतून (सेटमधून) १ मिलीला २० थेंब पडतात. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. बाटल्या वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर लटकत होत्या म्हणून हा हिशेब येत नाही. निर्जंतुक कापडाच्या कडेचे अडीच सेंटिमीटर निर्जंतुक धरायचे नाहीत, कमरेखाली गेलेला हात निर्जंतुक धरायचा नाही, हेही कुणी तरी शिकवावंच लागतं. औषधं, शरीराच्या आतलं काम, मूत्रपिंड दमलं की कोणता आकडा आधी हलतो, इथे सगळे शून्यापासून सुरू करतात.

मला खरी भीती वाटते ती हातात बसलेल्या सवयींची. प्रेशरचा कफ लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. कफच्या आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा, मोजताना रुग्णाने बोलू नये. घाईच्या ड्युटीत जो कफ हाताशी असेल तो बाहीवरूनच गुंडाळला जातो. रुग्णाला हलवताना लघवीची पिशवी त्याच्या अंगावर ठेवली जाते, आणि नळीतली जुनी लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला न टेकलेली. ग्लोव्ह्ज घातलेले होते म्हणून काढल्यावर हात स्वच्छ केले जात नाहीत. या चुका आळशी माणसं करतात असं नाही. चपळ आणि मन लावून काम करणारीच करतात, कारण त्यांना काम शिकवलं ते आधीच्या ड्युटीवरच्या माणसाने, आणि वॉर्डात शाबासकी मिळाली ती वेगाला.

या सगळ्याचं एकच उदाहरण द्यायचं झालं तर मी श्वास मोजण्याचं देते. त्यावर जरा जास्त बोलणार आहे.

पोटाची शस्त्रक्रिया होऊन दुसरा दिवस झालेली रुग्ण डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळची निरीक्षणं घ्यायची आहेत. नाकाला ऑक्सिजनची नळी, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९६, नाडी ८८, वरचं प्रेशर ११८, तापमान ३७.४, शुद्ध पूर्ण. दोन वर्षं सहायक म्हणून काम केलेली विद्यार्थिनी हे सगळं सफाईने उरकते. राहिला श्वास. तो तिच्या हातातलं मशीन देत नाही, घड्याळ धरून मोजावा लागतो. ती १८ लिहिते. खोटं लिहायचं तिच्या मनातही नाही. ती जिथे काम शिकली तिथे सगळ्यांचे श्वास १८ किंवा २० असायचे, तक्त्यावर आधीच्या नोंदीही १८ च आहेत, आणि रुग्ण तर समोर बसून बोलते आहे. प्रत्यक्षात श्वास २६ आहेत.

त्या एका आकड्याने काय होतं ते पाहा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली एक गुणपद्धत आहे, 'न्यूज'. रुग्ण बिघडतोय का हे ती निरीक्षणांना गुण देऊन सांगते; गुण जितके जास्त तितका धोका मोठा. तिच्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला दोन, २५ आणि त्यापुढे तीन. ऑक्सिजन चालू असल्याचे दोन. आपल्या रुग्णाचे बाकीचे आकडे शून्यात बसतात. म्हणजे १८ लिहिले तर बेरीज दोन, आणि पुढचं निरीक्षण ४ ते ६ तासांनी केलं तरी चालतं. २६ लिहिले तर बेरीज पाच, म्हणजे डॉक्टरांना तातडीने बोलवायचं आणि निदान तासातासाला बघायचं. आत फुफ्फुसाचा तळ मिटत असेल, जंतुसंसर्ग सुरू झाला असेल, गुठळी असेल किंवा टाका सुटून पोटात गळती असेल. कारण कोणतंही असो, शरीर पुष्कळदा आधी श्वास वाढवतं, आणि त्या वाढीव श्वासांच्या जोरावरच सॅच्युरेशन आणि प्रेशर काही काळ टिकून राहतात. ते टिकलेले आकडे बघून आपण निश्चिंत होतो. पहाटे ते कोसळतात. रुग्णाला आयसीयूत हलवावं लागतं, आणि नातेवाईक विचारतात, "संध्याकाळी तर सगळं नॉर्मल होतं ना?" तक्ता सांगतो, होतं.

आता तिच्या जागी अनुभव नसलेली मुलगी ठेवा. तिने मागच्याच आठवड्यात शिकलंय: पूर्ण ६० सेकंद मोजायचे. नाडी बघत असल्यासारखं मनगट धरून ठेवायचं, कारण आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस तो बदलतो. १५ सेकंद मोजून ४ ने गुणायचं नाही, त्यात एका श्वासाची चूक चारची होते. ती मोजते, २६ येतात. पुन्हा मोजते, २७. मग तक्त्यावरचे आधीचे सगळे १८ बघते आणि तिला वाटतं, चुकत असेन मीच. ती २० लिहिते. तिला मोजता आलं, पण मोजलेल्यावर उभं राहता आलं नाही. म्हणून 'कोरी पाटी बरी' हेही मला पटत नाही.

तिसरीही एक असते. तिच्याकडेही दोन वर्षांचा अनुभव आहे. ती खोलीत शिरताना बघते, की सकाळी भरभरून बोलणारी बाई आता दोन-दोन शब्दांत उत्तरं देते आहे, उशी आणखी वर करून मागते आहे, श्वास घेताना खांदे उचलले जात आहेत. यामुळे तिच्या मनात शंका येते, आणि शंका आली म्हणून ती घड्याळ काढते. अशी शंका यायला बऱ्याच आजारी माणसांजवळ बराच वेळ घालवलेला असावा लागतो. पण घड्याळ न काढता ती नुसतंच "सिस्टर, यांचं काही तरी बरं दिसत नाहीये" म्हणाली असती, तर गर्दीच्या वॉर्डात ते वाक्य विरून गेलं असतं. "श्वास २६, सकाळी १८ होते, ऑक्सिजन चालू आहे, तुम्ही आत्ता येऊन बघा" असं म्हटलं की कुणी तरी उठतं.

पूर्वी मी सरसकट सांगत असे: जा, काम करा, मग या. तेव्हा माझं म्हणणं असं, की ज्याने माणसाला भरवलेलं नाही, त्याने इंजेक्शन भरायला शिकू नये. आज मी त्यावर म्हणते, की हे वर्ष सगळ्यांना परवडत नाही, आणि वाईट वॉर्डात घालवलेलं वर्ष मोडायला पुढे दोन लागतात. त्यावर माझं जुनं मन म्हणतं, मग चांगल्या वॉर्डात पाठव. बरोबर आहे. पण चांगला वॉर्ड निवडायची सोय किती जणांना असते?

हा वाद फार वरच्या पातळीवरही झालेला आहे. इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात रुग्णांची जी भयंकर हेळसांड झाली, तिच्या चौकशीचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल २०१३ मध्ये आला. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी नोंदणीकृत नर्सच्या देखरेखीखाली निदान तीन महिने रुग्णांची प्रत्यक्ष सेवा करावी, अशी शिफारस त्यात होती. सरकारने वर्षभरापर्यंतच्या कामाची कल्पना मांडली, प्रायोगिक तुकड्याही झाल्या. मला त्यातला 'देखरेखीखाली' हा शब्द सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि सल्ला देताना नेमका तोच गळतो. शिवाय अभ्यासक्रमात अनुभव नसतो असं थोडंच आहे? युरोपीय संघाच्या नियमांत नर्सिंगच्या शिक्षणाचे किमान ४,६०० तास आहेत आणि त्यांतले निदान निम्मे रुग्णांजवळचे. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यांत एका विभागातली निष्णात नर्ससुद्धा अनोळखी विभागात गेली की पुन्हा पहिल्या पायरीवर येऊ शकते. मग सहायकाच्या कामाने वरची पायरी आपोआप मिळेल असं कसं धरायचं?

जाणारच असाल तर तीन ते सहा महिने पुरे, असं माझं मत आहे. त्यानंतर वाढतो तो बहुतेक वेग. ड्युटीवर नोंदणीकृत नर्स प्रत्यक्ष हजर असते अशीच जागा घ्या. वृद्धांच्या दीर्घकाळच्या सेवेत दर दोन तासांनी कूस बदलणं, टाच गादीपासून उचलून ठेवणं, गिळताना ठसका लागणाऱ्याला ताठ बसवून भरवणं शिकता येतं. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात निरीक्षणं शिकता येतात. रोज एका कामाचं 'का' विचारून वहीत लिहा, रुग्णाचं नाव न लिहिता. औषध द्यायला किंवा इंजेक्शन टोचायला सांगितलं तर नाही म्हणा, कितीही गर्दी असली तरी. ते तुमचं काम नाही, आणि चुकीच्या पद्धतीने शिकलेलं इंजेक्शन सुधारणं फार कठीण जातं.

जाता येत नसेल तर गुणोत्तरं आणि दशांश पक्के करा, ग्रॅमचे मिलिग्रॅम झोपेतही यायला हवेत. घरातल्या माणसांचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायची सवय लावा. एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करावं लागत असेल, तर तोही अनुभवच आहे.

अनुभव घेऊन वर्गात आलात तर शिकवणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात तसं सांगा, आणि सोबत हेही सांगा, की मला प्रत्येक कृती नव्याने करून दाखवायची आहे, तपासा. बहुतेक जण पहिलं सांगतात आणि दुसरं सांगत नाहीत.

ज्याला हे काम झेपेल का याचीच खात्री नाही, त्याने आधी काम करून बघावं का, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. काही जण त्यात वेळेवर सावरतात आणि दुसरी वाट धरतात. पण काही जण कुठल्या तरी कमी माणसांच्या, दमलेल्या वॉर्डातला पहिला महिना बघून कायमचे निघून जातात, आणि त्यांच्यातल्या काही तरी चांगल्या नर्स झाल्या असत्या असं मला वाटतं.