रामशास्त्री की सखारामबापू?

शनिवारवाड्यात 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा दरबारात ज्यांच्या सल्ल्याला वजन होते अशा दोन माणसांची तुलना माझ्या मनात नेहमी येते. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे तोंडावर बोलणारे होते. नारायणरावांच्या आधीचे पेशवे थोरले माधवराव राज्यकारभार सोडून जपजाप्यात वेळ घालवू लागले, तेव्हा ‘स्नानसंध्याच करायची असेल तर गंगाकाठी जाऊन राहावे’ असे त्यांनी सुनावल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. आणि माधवरावांनी, उणेपुरे विशीतले असूनही, ते ऐकून घेतले. पुढे नारायणरावांच्या खुनाबद्दल त्यांचे काका राघोबादादा यांना देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणे सोडून वाईजवळच्या पांडववाडीस निघून गेले.

सखारामबापू बोकील मात्र पेशवाईतले मुत्सद्दी, तिथल्या प्रसिद्ध ‘साडेतीन शहाण्यां’पैकी एक पूर्ण शहाणे. बुद्धी विलक्षण, पण मनातले कोणाला कळू द्यायचे नाही. राघोबादादांना दूर करण्यासाठी कारभाऱ्यांनी रचलेल्या बारभाईंच्या कारस्थानात ते नाना फडणीसांच्या बरोबरीने बसत आणि राघोबादादांकडचा धागाही तोडत नसत. इंग्रजांशी पुरंदरचा तह 1776 मध्ये झाला, त्यातही त्यांचा हात होता. शेवटी नानांनीच त्यांना कैदेत टाकले आणि रायगडावर त्यांचा अंत झाला.

शास्त्रीबुवांशी रोज बोलणे जड गेले असते, हे मी कबूल करतो, आणि बापूंची संगत बहुधा अधिक रंगतदार ठरली असती. तरीही घरातली कागदपत्रे कोणाच्या हाती द्यायची असा प्रश्न आला असता, तर मी पांडववाडीची वाट धरली असती.