नामिबच्या वाळूतलं वीतभर जनावर

नामिबियाला जाणारे बहुतेक जण सोसुसव्लेईच्या लाल वाळूच्या टेकड्या आणि एटोशा राष्ट्रीय उद्यानातले हत्ती-गेंडे बघून परततात. आम्हीही ते सगळं पाहिलं, डोळ्यांचं पारणं फिटलं. तरी मला या देशाबद्दल लिहायचं आहे ते एका वीतभर सापासाठी. पेरिंगेज अ‍ॅडर त्याचं नाव. पफ अ‍ॅडर आणि गॅबून व्हायपर ही आफ्रिकेतली आडदांड विषारी जनावरं ज्या बिटिस वंशातली, त्याच वंशातला हा. लांबी मात्र जेमतेम २० ते २५ सेंटीमीटर.

त्यासाठी गाठायचं स्वाकोपमुंड. राजधानी विंडहुकपासून पश्चिमेला साधारण साडेतीनशे किलोमीटरवर, १८९२ साली जर्मनांनी वसवलेलं हे गाव. एकीकडे अटलांटिक, दुसरीकडे थेट नामिबचं वाळवंट. वर्षाकाठी २० मिलिमीटरही पाऊस नाही. कोकणातल्या माणसाला हा आकडा पटतच नाही. पण समुद्रातून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो, त्याच्यावरची हवा गारठते आणि धुकं वाळवंटात आतवर शिरतं. सकाळी निघालो तेव्हा गाडीचे वायपर चालू होते.

आमचा वाटाड्या गाडी ठरलेल्या वाटेवर उभी करून पायीच निघाला. दुपारी वारा सुटला की वाळूवरचे माग पुसले जातात, म्हणून सगळं वाचन सकाळीच. किड्यांची टाचणीएवढी पावलं, पालींचे ठसे हे सगळं तो चालता चालता सांगत होता. मग एका उतारावर थांबला. वाळूत तिरप्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, आणि एकही दुसरीला जोडलेली नाही. साप गेला होता, पण आडवा. शरीराचा थोडाच भाग टेकवायचा, बाकीचा उचलून पुढे टाकायचा. सरकत्या वाळूवर घसरायला होत नाही, आणि तापलेल्या वाळूचा चटकाही कमी बसतो.

रेघा एका खुरट्या झुडपाशी संपल्या. वाटाड्याने काठीने दाखवलं, तरी मला वाळूशिवाय काही दिसेना. बऱ्याच वेळाने दोन ठिपके दिसले. डोळे! इतर सापांसारखे डोक्याच्या बाजूंना नाहीत, अगदी माथ्यावर. त्यामुळे सगळं अंग वाळूत पुरून घेतलं तरी हा बघत राहतो. डोळ्यांपासून थोड्या अंतरावर शेपटीचं काळं टोक बाहेर होतं. ते मध्येच वळवळलं, थांबलं, पुन्हा वळवळलं. वाळूतल्या सरड्यांना ती अळी वाटते. सरडा खायला येतो आणि स्वतःच खाल्ला जातो.

त्याच्या पाण्याची बहुतेक गरज त्या सरड्यांतूनच भागते. उरलेलं धुकं देतं. धुक्याचे थेंब त्याच्याच खवल्यांवर साचतात आणि तो ते जिभेने टिपून घेतो. तिथे उभी असताना माझ्या जॅकेटवरही तेच थेंब होते.

आई चार पावलं मागेच उभी होती. तिचं बालपण देवगडच्या कातळावर फुरशांच्या धाकात गेलेलं. "ह्यां उडी मारता काय गो?" तिने विचारलं. वाटाड्याला मी प्रश्न समजावून सांगितला. तो म्हणाला, अंगावर पाय पडला तर चावेल, आपणहून येणार नाही. चावला की दुखतं, सुजतं. पण त्याचं विष माणसासाठी फुरशाइतकं जहाल मानलं जात नाही. फुरसंही असंच आडवं पळतं, पण ते खवले घासून करकर आवाज करतं, इशारा देतं. इथे तसा आवाज नाहीच. आईला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

ऊन चढलं तसा तो हलला. झुडपाच्या सावलीत दोन-तीन आडव्या झेपा, मग अंग चपटं करून कडेकडेने थरथरवत जागच्या जागी खाली. हलवलेल्या पिठात मोजपट्टी बुडावी तसा तो काही क्षणांत दिसेनासा झाला. मी अगदी जवळून बघत असूनही नंतर नेमकी जागा सांगता आली नसती.

आणि म्हणूनच तिथल्या चाकांच्या खुणा बघून जीव कळवळला. हा पट्टा २०१० पासून दोरोब राष्ट्रीय उद्यानात येतो, गाड्यांसाठी जागा आखून दिल्या आहेत. तरी आखलेली वाट सोडून गेलेले पट्टे दिसतातच. सरकत्या टेकड्यांवरचे वाऱ्याने बुजतात, पण खडीच्या सपाटीवरचे पट्टे कित्येक दशकं तसेच राहतात. इंचभर वाळूखाली निजलेल्या सापाला चाक चुकवायला वेळ मिळत नाही, आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही. वेगाची मजा मला मान्य आहे. पण ती दुसऱ्याच्या घरावरून नको.

जाणार असाल तर सकाळची सहल घ्या, आत गरम कपडे आणि पायात बंद बूट घाला. ठरवण्याआधी एकच विचारा, वाटाड्या पायी माग काढतो की गाडीतून दाखवतो. पायी काढणाराच निवडा.