पुढच्या वर्षीची गाडी मी आधीच का काढतो

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो आहे. रामबागेतल्या शेजाऱ्यांनी विचारले, पीथमपूरच्या कारखान्यात ज्यांच्याबरोबर मी ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली त्यांनी विचारले, आणि लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक तर दर वेळी विचारतात: पुढच्या वर्षीची फॉर्म्युला वनची गाडी कशी दिसेल हे तुम्हाला आधी कसे कळते, आणि इतक्या वेळा चुकूनही तुम्ही ती चित्रे का काढता? आजवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी भरभरून देत आलो आणि दुसरा ऐकलाच नाही असे दाखवत आलो.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे, तरी लोकांना ते पटत नाही, आणि याला आपले इंदूरही थोडे कारणीभूत असावे. इथे देखणी गाडी म्हटले की महाराजा यशवंतराव होळकरांचे नाव निघतेच. त्यांच्या 1935 च्या ड्यूझनबर्ग गाडीचा सांगाडा अमेरिकेचा होता आणि वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने घडवलेली. ज्यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग राजवाडा उभा करून घेतला, त्यांचीच नजर त्या नारिंगी-काळ्या गाडीतही दिसते. त्यामुळे गाडीचा आकार म्हणजे कुणा रसिकाची इच्छा, आणि भविष्यातली गाडी काढणे म्हणजे कल्पनाशक्तीचे काम, असे आपण धरून चालतो. शर्यतीच्या गाडीचे तसे नसते. तिचा आकार नियमावलीतून येतो, आणि त्यातही नियम जिथे काहीच बोलत नाहीत त्या जागेतून येतो.

2014 चे उदाहरण मी सर्वांना देतो. त्या वर्षी सुरक्षेसाठी नाकाचे टोक 550 मिलिमीटरवरून 185 मिलिमीटरपर्यंत खाली आणण्याचा नियम झाला. उतरत्या, डौलदार नाकाच्या गाड्या येतील अशी लोकांची अपेक्षा होती. परंतु संघांना नाकाखालून फ्लोअरकडे, म्हणजे गाडीच्या तळाकडे, जाणारी हवा सोडायची नव्हती. म्हणून नियमाला पुरेल एवढेच बारीक टोक त्यांनी खाली नेले आणि उरलेले नाक वरच ठेवले. परिणामी बोटासारखी लोंबती नाके आली, आणि लोटसच्या गाडीला तर एकापेक्षा एक लांब असे दोन सुळे आले. सुळे माझ्या चित्रात नव्हते, पण बोट होते, आणि ते आदल्या डिसेंबरमध्येच होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. याउलट रेड बुल संघाचे तेव्हाचे गाडी-रचनाकार एड्रियन न्यूई यांनी एका व्हिडिओ गेमसाठी आखलेली रेड बुल एक्स 2010 असो, वा 2015 ची मॅक्लॅरेनची एमपी 4-एक्स असो, दोन्हींत चालकाच्या डोक्यावर बंद काचेचे छत होते. प्रत्यक्षात 2018 मध्ये आला तो हेलो, म्हणजे उघड्या कॉकपिटवर बसवलेली टायटॅनियमची कमान, जी पहिल्या दर्शनी कुणालाही आवडली नाही. इच्छा आणि नियम यांत मी नेहमी नियमांच्या बाजूने पैज लावतो, आणि ती पद्धत वाईट आहे असे मला आजही वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर 2022 शी बांधलेले आहे, आणि त्यात माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आहे.

त्या वर्षीच्या नियमांनी फ्लोअरखालच्या बोगद्यांतून जाणाऱ्या हवेने गाडी रस्त्याकडे खेचण्याची जुनी युक्ती परत आणली. 2021 च्या जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला पूर्ण आकाराचा नमुनाही दाखवला गेला होता, आणि माझी चित्रे त्या नमुन्याच्या बरीच जवळ होती. मग मार्चमध्ये बहारीनच्या चाचणीत मर्सिडीज संघाची गाडी उतरली, तेव्हा तिचे साइडपॉड, म्हणजे चालकाच्या दोन्ही बाजूंचे फुगीर भाग, जवळजवळ नाहीसे झालेले होते. दोन्ही बाजूंनी इंजिनाला चिकटलेली अरुंद कातडी आणि वर आरसा धरणारी पंखासारखी पट्टी, एवढेच काय ते दिसत होते. मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत छायाचित्रांवर मोजपट्टी घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी भाचा घरी आला, तेव्हा त्याला मी सांगितले की दोन वर्षांत सगळ्या गाड्या अशाच दिसतील. 2014 पासून 2021 पर्यंत सलग आठ वेळा संघांचे विजेतेपद मिळवणाऱ्यांनी हे केले आहे, म्हणजे ते बरोबरच असणार, हा माझा युक्तिवाद होता. नियमावलीचे एक कलमही मी त्यासाठी उघडून पाहिले नव्हते.

तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत होता. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी हाच विषय घेतला. छेदचित्रे मी काढून दिली, संगणकावरचे प्रारूप त्यांनी केले, आणि पुढचे नऊ-दहा महिने रविवार सकाळचे पोहे ती चार मुले आमच्याकडेच खात होती. त्यांच्या गणितात गाडी एका ठरावीक उंचीवर स्थिर होती आणि खालून रस्ता सरकत होता. आकडे सुंदर येत होते. तिकडे खरी गाडी सरळ रस्त्यावर उसळत होती. बाकूच्या शर्यतीनंतर मर्सिडीजचे चालक हॅमिल्टन पाठ धरून गाडीबाहेर आले, आणि संपूर्ण मोसमात त्या संघाला साओ पाउलोची एकच शर्यत जिंकता आली. मी मुलांना सांगत राहिलो की दोष सस्पेन्शनचा आहे, आकार योग्यच आहे.

एका रविवारी भाच्याने विचारले, "मामा, आपण गाडीची उंची बदलून पाहायची का?" वेळ कमी आहे, असे मी म्हणालो. प्रत्येक उंचीसाठी सगळे गणित नव्याने करावे लागले असते, हे खरे होते. पण मी नकार देण्याचे कारण ते नव्हते.

2023 च्या मे महिन्याच्या शेवटी, मोनाकोत, मर्सिडीजने तो आकार सोडून दिला आणि रुंद साइडपॉड लावले. मुलांची तोंडी परीक्षा त्यानंतरच्या आठवड्यात होती. मी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून राहिलो. भाचा बाहेर आला आणि म्हणाला की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: गाडी रस्त्यापासून किती उंचीवर धरली होती, आणि ती उंची बदलली तर काय होते? चौघांपैकी कुणालाही उत्तर देता आले नाही. परीक्षक रागावले नाहीत, हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिले आणि वही बंद केली. ही कल्पना आपल्या मामांची होती, असे भाचा तिथे म्हणाला नाही. ते मला त्याच्या मित्राकडून नंतर कळले.

परतताना तो स्कूटर चालवत होता आणि मी मागे बसलो होतो. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. एका सिग्नलला थांबल्यावर मागे न वळता तो म्हणाला, "मामा, उंचीची गोष्ट तुम्हाला सुचलीच नव्हती, की सुचली होती?"

सुचली होती. लोटस 79 या गाडीने 1978 मध्ये याच युक्तीवर विजेतेपद मिळवले, त्या काळातल्या गाड्याही उसळत असत, आणि 1983 पासून सपाट तळाची सक्ती आली हे सर्व मी तरुणपणापासून वाचत आलो आहे. फ्लोअर रस्त्याच्या जवळ गेला की खेच वाढते, फार जवळ गेला की हवा अडते आणि खेच एकदम सुटते, गाडी वर येते, हवा पुन्हा वाहू लागते, आणि पुन्हा तेच. मला हे ठाऊक होते, आणि ते गणितात आणले तर माझे चित्र मोडेल अशी भीतीही होती. सिग्नल हिरवा झाला. मी उत्तर दिले नाही.

माझ्या बाजूनेही बोलण्यासारखे काही आहे, आणि ते मी बोलणार आहे. संघ जिथे प्रारूपावर हवा सोडून तपासतात त्या वातबोगद्यांतही ते प्रारूप खऱ्या गाडीच्या साठ टक्क्यांहून मोठे आणि हवेचा वेग सेकंदाला 50 मीटरहून अधिक चालत नाही. एवढ्या साधनांनिशी काम करणाऱ्या बहुतेकांना जे आधी दिसले नाही, ते मला का दिसले नाही असे विचारणे अन्यायाचे आहे. शिवाय मर्सिडीज मागे पडली ती केवळ अरुंद साइडपॉडमुळे, हे म्हणणेही चूक आहे. दोष मुख्यतः फ्लोअरमध्ये आणि त्याच्या उंचीत होता, कारण रुंद साइडपॉड लावूनही ती लगेच जिंकू लागली नाही. पण हे लिहितानाच आठवते की न्यूई यांचा विद्यार्थीदशेतला प्रबंध फ्लोअरखालच्या याच हवेवर होता, आणि त्यांची रेड बुल त्या वर्षी इतरांहून कमी उसळली व जिंकली. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पातही ही गोष्ट मावू शकत होती.

2022 मधला मी आजच्या मला म्हणतो की अंदाज म्हणजे वचन नव्हे. आजचा मी त्याला म्हणतो की एकवीस वर्षांच्या मुलाला मामाचा अंदाज वचनासारखाच ऐकू येतो, आणि तुला ते कळत होते. त्यावर तो विचारतो की ती गाडी जिंकली असती तर याच मुलांना याच चित्रासाठी शाबासकी मिळाली असती की नाही? याचे उत्तर माझ्याकडे नाही. भाचा उत्तीर्ण झाला, गुण बेताचेच पडले, आणि पुढच्या मुलाखतींत त्याने तो प्रकल्प दाखवला नाही. आज तो ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे काम करतो आणि चांगले करतो.

मग मी अजून का काढतो? कारण 2026 चे नियम हातात आल्यावर मला राहवले नाही. गाडीची रुंदी 2000 वरून 1900 मिलिमीटर, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, जास्तीत जास्त 3400, किमान वजन 768 किलो, तळ बराचसा सपाट, आणि पुढचे व मागचे दोन्ही पंख सरळ रस्त्यावर आपले पाते आडवे करणारे. हे वाचून कागद कोरा ठेवणे मला जमत नाही. मात्र या वेळी गाडी मी दोन उंचींवर काढली, आणि जिथे मला खात्री नव्हती तिथे तुटक रेषा दिली.

भाच्याला ती शीट दाखवली. त्याने बराच वेळ पाहिली आणि म्हणाला की ड्रॉइंगमध्ये तुटक रेषेचा अर्थ ठरलेला आहे: इथे कड आहे, पण या बाजूने दिसत नाही. कड आहे की नाही हेच माहीत नसेल तर तुटक रेषा देता येत नाही. हे मी स्वतः पीथमपूरला नव्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवले आहे. त्याचे बरोबर आहे. मी खोडरबर हातात घेतले आणि परत ठेवले. फ्लोअरची कड शीटवर अजून तुटकच आहे.