आधीचं उत्तर नंतर आलं तेव्हा

तक्रार एका ओळीची होती: 'नंबर बरोबर टाकला तरी कधीकधी दुसऱ्याच पेशंटचा केसपेपर निघतो.' एका धर्मादाय रुग्णालयाच्या ओपीडीतली नोंदणीची स्क्रीन, अँग्युलर या वेब-ॲप बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेली, आमच्याकडे देखभालीला आली होती. ऑफिसात कितीही वेळा नंबर टाकला तरी योग्यच पेशंट समोर येई. शेवटी एका सोमवारी सकाळी, ऐन गर्दीत, नोंदणीच्या खिडकीमागेच जाऊन बसलो.

खिडकीवरच्या ताई कीबोर्डकडे न बघता पेशंटचा मोबाइल नंबर टाकत होत्या. समोरच्या आजोबांना तो एका दमात सांगता येईना. "नऊ आठ दोन..." म्हणून थांबले, आठवलं, मग उरलेला भराभर सांगितला. शेवटचा आकडा पडताच यादीत एकच नाव आलं. ताईंचा हात माउसकडे गेला आणि क्लिक व्हायच्या आत यादी बदलली. पहिल्या ओळीवर भलतंच नाव.

"बघा सर, आत्ता झालं ना?" ताई म्हणाल्या. "म्हणून आम्ही कागद देताना परत नाव विचारतो."

माझ्या पोटात गोळा आला. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे त्याच केसपेपरवर असतं, आणि चुकीचा कागद अडवायला ताईंच्या सावधपणाशिवाय काहीच नव्हतं.

सर्व्हरकडे गेलेल्या विनंत्या आणि आलेली उत्तरं दाखवणारा ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडल्यावर उलगडा झाला. शोधाला ३०० मिलिसेकंदांचा डिबाउन्स होता, म्हणजे टायपिंग तेवढा वेळ थांबलं की विनंती सुटणार. आजोबा तीन आकड्यांवर थांबले तेव्हा पहिली सुटली. ९८२ ने सुरू होणारे नंबर हजारोंनी, त्यामुळे सर्व्हर बराच वेळ चाळत बसला. पूर्ण दहा आकड्यांची दुसरी विनंती मात्र एकाच नोंदीची, ती क्षणात परतली. पहिलीचं उत्तर तिच्या मागून आलं आणि स्क्रीनवर चढून बसलं. आमच्या चाचणीच्या डेटाबेसमध्ये पेशंट मोजकेच, म्हणून तिथे दोन्ही उत्तरं झटपट आणि क्रमाने येत. डिबाउन्स विनंत्या कमी करतो, उत्तरांच्या क्रमाची हमी देत नाही.

कोडमध्ये मर्जमॅप होता. अँग्युलरसोबत वापरल्या जाणाऱ्या आरएक्सजेएस लायब्ररीत विनंत्या कशा हाताळायच्या हे ठरवणारे असे काही ऑपरेटर असतात, त्यांतला हा एक. तो सगळ्या विनंत्या एकदम चालू ठेवतो आणि जे उत्तर ज्या क्षणी येईल ते पुढे ढकलतो. तिथे स्विचमॅप घातला. नवा नंबर आला की तो जुन्या विनंतीचं सबस्क्रिप्शन, म्हणजे तिच्या उत्तराची वाट पाहणं, तोडतो, आणि विनंत्या पाठवणारा अँग्युलरचा एचटीटीपीक्लायंट ती विनंती ब्राउझरमध्येच रद्द करतो. शिवाय चूक झाली तर सांभाळून घेणारा कॅचएरर आतल्या, म्हणजे एकेका विनंतीच्या, प्रवाहात हलवला. तो बाहेर होता, त्यामुळे एखादी विनंती फसली की पान रीफ्रेश करेपर्यंत शोधच बंद पडायचा.

संध्याकाळी सहकाऱ्याने सुचवलं, "मर्जमॅप दिसेल तिथे स्विचमॅप करून टाकू." त्याला मी ठाम विरोध केला. शोधात जुनं उत्तर टाकून दिलं तर काही बिघडत नाही. पण सिस्टरच्या स्क्रीनवर बीपी, वजन, ताप यांतली प्रत्येक चौकट सोडताच तिची नोंद आपोआप सेव्ह होते. तिथे स्विचमॅप घातला, तर वजन सेव्ह होताना अर्धवट राहिलेली बीपीची विनंती तुटणार. आणि तुटणार म्हणजे फक्त ब्राउझर ऐकायचं थांबणार. सर्व्हरने ती नोंद केली की नाही, ते आपल्याला कळणारच नाही. तिथे कॉन्कॅटमॅपच हवा: एक नोंद पुरी होऊ द्यायची, मग दुसरी. मात्र एक विनंती लटकली तर मागची रांगही लटकते, म्हणून टाइमआउट, म्हणजे वाट पाहायची मर्यादा, आणि प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक. पुन्हा पाठवली तरी सर्व्हर ती दोनदा लिहिणार नाही.

पावतीच्या बटणाला एक्झॉस्टमॅप दिला. पहिली पावती पुरी होईपर्यंत पुढचे क्लिक सोडून दिले जातात. लॅबच्या पानावर मात्र मर्जमॅपच बरोबर होता. रक्ताचा रिपोर्ट आणि लघवीचा रिपोर्ट आपापल्या जागी येतात, कोण आधी आलं याने फरक पडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ टेस्टवर घालवला, आणि तो सत्कारणी लागला. आरएक्सजेएसच्या टेस्टशेड्युलर या चाचणीच्या साधनात आभासी वेळ चालवता येते. लहान नंबरचं उत्तर तीन सेकंदांनी, मोठ्याचं लगेच, असा प्रसंग मार्बल आकृतीत, म्हणजे कोणतं उत्तर कधी येतं ते चिन्हांनी दाखवणाऱ्या ओळीत, मांडला. खरे तीन सेकंद थांबावं लागत नाही. मर्जमॅपवर टेस्ट दर वेळी नापास, स्विचमॅपवर पास. खिडकीवर अधूनमधून दिसणारा दोष आता हवा तेव्हा दाखवता येत होता.

एक प्रश्न उरला तो कोडमध्ये सुटणारा नव्हता. सिस्टरनी बीपी १४० लिहिलं आणि लगेच १३० केलं तर? कॉन्कॅटमॅपने क्रम राखला, तरी १४० पुसलं जात होतं. विचारायला वॉर्डात गेलो. "पुसू नका," सिस्टर म्हणाल्या. "बऱ्याचदा ती दुरुस्ती नसते, आम्ही पुन्हा मोजलेलं असतं. डॉक्टर दोन्ही विचारतात." मग जुना आकडा बदलण्याऐवजी प्रत्येक मोजणी वेळेसकट वेगळी नोंदवायची, असं टेबलच बदललं.